पहाटे चारला दार वाजवणाऱ्या आत्याबाई

वाचक लिहितात :

ताई, नमस्कार. मी नांदेड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, वय ७९. स्मृतिभ्रंश होऊन चार वर्षं झाली. मूळ गाव लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात. तिथं पुनर्वसनातलं घर आहे, आता कुलूप असतं. तीन वर्षं त्या आमच्याकडं होत्या. मी शाळेत, मिस्टर फिरतीवर, मुलं शिकायला बाहेर. एकदा गॅस चालू ठेवून निघून गेल्या, त्या थेट मोंढ्यात सापडल्या. मग दिरांनी लातूरकडच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. आठ महिने झाले. खर्च दोघे भाऊ निम्मा निम्मा करतात.

मी महिन्यातून दोनदा जाते. परवा गेले तर केस बारीक कापलेले. जन्मभर इरकली लुगडं नेसलेल्या बाईच्या अंगात कुणाचा तरी गाऊन. गळ्यातली तुळशीची माळ गायब. म्हणे झोपेत गळ्याला अडकेल. मनगटावर वळ. विचारलं तर म्हणाले, पहाटे साडेतीन-चारला उठतात, दार वाजवतात, ‘बाहीर चला, बाहीर चला’ म्हणून ओरडतात, दुसऱ्या आज्ज्यांच्या अंगावरची पांघरुणं ओढतात. गणपतीनंतर तर फारच वाढलं. म्हणून रात्री ओढणीनं पलंगाला बांधतात आणि गोळी देतात. दुपारी बारापर्यंत ग्लानीत असतात. ताकदीसाठी अंडंही सुरू केलंय.

मी बोलले तर मॅनेजर म्हणाले, ‘मॅडम, त्यांना आता काय कळतंय? रात्री बांधलेलं सकाळी आठवतही नाही.’ मिस्टर म्हणतात, जास्त बोलू नको, उद्या घेऊन जा म्हणतील. दीर म्हणतात, तू सून, तुझा काय संबंध? त्यात दसऱ्याच्या आत जमिनीच्या कागदावर आत्याबाईंचा अंगठा घ्यायचं त्यांनी ठरवलंय. मला बोलायचा काही हक्क आहे का? आणि खरंच त्यांना काही कळत नसेल, तर मी कशासाठी भांडतेय?

– एक सून

सूनबाई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकी सगळं त्याच्यापाशीच अडलंय.

पहाटे साडेतीन-चार. ‘बाहीर चला.’ शेजारच्यांना उठवणं. गणपतीनंतर वाढलं. औसा तालुका, पुनर्वसनातलं घर. या पाच गोष्टी तुम्ही पत्रात विखरून लिहिल्यात. जरा एकाखाली एक मांडा आणि पुन्हा वाचा.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून दमलेली गावं गाढ झोपेत होती आणि दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वरचं माळवद, सगळं झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. तुमच्या आत्याबाई तेव्हा ४७ वर्षांच्या. त्या रात्री त्या कुठं होत्या, कुणाला हाक मारत होत्या, कोण बाहेर आलं नि कोण आलं नाही, हे मला माहीत नाही. तुम्हालाही नसावं, कारण तुम्ही नंतर सून म्हणून घरात आलात आणि त्या भागातली पुष्कळ घरं या विषयावर तोंड उघडत नाहीत. यजमानांना विचारा. ते सांगणार नाहीत, पण विचारा. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या चुलतसासूला विचारलंत तर जास्त कळेल.

मी छातीठोकपणे सांगत नाही. तुमच्या आत्याबाईंना मी पाहिलेलं नाही. कदाचित पहाटेचं उठणं हे नुसतं लघवीचं असेल, त्याकडं पुढं येते. पण ज्या बाईला तुमचं केअर सेंटर ‘त्रास देणारी पेशंट’ म्हणतंय, ती बाई दर पहाटे उठून घर कोसळायच्या आत सगळ्या बायकांना बाहेर काढायला धडपडत असेल, तर? ती पांघरुणं का ओढते, ते बघा की. आणि तिला आपण काय करतो? पलंगाला बांधतो. छप्पर पडणार आहे अशी जिची पक्की खात्री आहे, तिला छपराखाली बांधून ठेवतो.

हे लिहिताना मला स्वतःचा राग येतोय, कारण मीही हेच केलंय. सव्वीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. म्हाताऱ्या पेशंटचे हात मी पलंगाच्या कठड्याला बांधलेत. गॉजचं बँडेज घ्यायचं, खाली कापूस ठेवायचा, मऊ गाठ मारायची. गाठ चांगली बसली की सीनियर सिस्टर शाबासकी द्यायच्या. वळ उठला नाही म्हणजे आपण नीट केलं, एवढीच आमची अक्कल. सलाईन उपसलं जाऊ नये, पेशंट पडू नये, हेतू चांगलाच. पण एकाही पेशंटला ‘तुम्हाला उठून कुठं जायचंय हो?’ असं विचारल्याचं मला आठवत नाही.

माझे वडील एसटीत ड्रायव्हर. रिटायर होऊन सोळा वर्षं झाल्यावर त्यांना हा आजार झाला. रोज दुपारी साडेचारला ते तयार. पाचची गाडी काढायची. ‘बाबा, नोकरी संपली तुमची’ असं मी रोज सांगायची, रोज भांडण. शेवटी मी त्यांच्या चपला लपवल्या. माझ्या मते फार हुशारी. मे महिना, परभणीचं ऊन. ते अनवाणीच निघाले आणि स्टँडवर पोचले. तळपायाला पैशाएवढे फोड. जखमा भरायला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत ते रोज साडेचारला पलंगावर उठून बसायचे, पाय खाली सोडायचे, कळवळायचे. मग शेजारचा कॉलेजचा पोरगा एक दिवस म्हणाला, ‘मावशी, मी नेऊन आणू का त्यांना?’ तो त्यांना स्टँडवर घेऊन जायचा. दोघं चहा प्यायचे. एखादी गाडी सुटताना बघायचे. ‘गाडी गेली, अण्णा. आपली ड्यूटी उद्या.’ आणि बाबा मुकाट घरी यायचे. चाळीस मिनिटांचं काम. मी दीड वर्ष भांडत होते.

आता मॅनेजरसाहेबांच्या ‘सकाळी आठवत नाही’ या वाक्याकडं येऊ. अर्धं बरोबर आहे. स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर या प्रकारात मेंदूचा नव्या आठवणी नोंदवणारा भाग आधी झिजतो. म्हणून सकाळचा नाश्ता दुपारी आठवत नाही, पण लग्नातली वरात आठवते. अर्धं मात्र साफ चूक. प्रसंग पुसला जातो, त्यानं मनात आलेली भीती मागं रेंगाळते. कुणी रागावलं हे माणूस विसरतो; छातीतली धडधड, त्या माणसाचा धसका, हे तासन्‌तास राहतं, कशानं ते मात्र सांगता येत नाही. खात्री करायची असेल तर एक करा. रात्रीची मावशी ओढणी घेऊन जवळ येते तेव्हा आत्याबाई हात आखडून घेतात का, एवढंच बघा. बघण्यासाठी एक रात्र तिथं राहावं लागेल. राहू देत नसतील, तर का देत नाहीत ते विचारा.

तर, कळतं का त्यांना? पन्नास गोष्टी कळत नसतील. तारीख, वार, तुम्ही सून की मुलगी, सगळं गेलं असेल. पण काय टोचतंय, कोण दरडावतंय, गळा मोकळा का लागतोय, हे कळतं. तेवढ्यासाठी भांडायला हरकत नाही.

माळेचं आधी बघा. कायदाबियदा नंतर. माळकरी बाईच्या गळ्यातली माळ म्हणजे दागिना नव्हे, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांनी ती कुणा महाराजांच्या हातून घातली असेल, त्या दिवसापासून मांसमच्छी सोडली असेल, एकादशी धरली असेल. ते वचन त्यांनी शुद्धीत असताना दिलंय. आज त्यांना ते आठवत नाही, म्हणून इतरांनी ते मोडायचं? अंड्याचंही तेच. ताकद हवी तर दूध, दही, भिजवलेली मटकी, शेंगदाण्याचा कूट, डाळीचं वरण आहे. औश्याकडची बाई ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून आनंदानं खाईल. माळ अडकण्याची भीती अगदीच खोटी नाही. मग एकेरी, सैल, कच्च्या दोऱ्यात ओवलेली घाला, ओढ बसली की तुटेल अशी. रात्री काढून उशाशी ठेवायची असेल तर त्यांना दाखवून ठेवा, सकाळी त्यांच्याच हातात द्या. दुसरी आणू नका, तीच शोधून मागा. कपाटात कुठंतरी कागदाच्या पुडीत असेल. नसेल, टाकून दिली असेल, तर त्या सेंटरबद्दल तुम्हाला पुष्कळ काही कळलं असं समजा.

लुगडं हा जरा अवघड मामला आहे, ते मी मान्य करते. नऊवारीत संडासाला बसवणं, बदलणं मावशींना खरंच जड जातं. पण मधला रस्ता असतो. दिवसा लुगडं, रात्री त्यांचा स्वतःचा गाऊन, नाव घातलेला. नाहीतर वर चोळी नि खाली शिवून घेतलेलं लुगडं. लातुरात कुठलाही शिंपी करून देईल. दुसऱ्याचा गाऊन मात्र चालणार नाही. सगळ्यांचे कपडे एकत्र धुवून हाताला लागेल तो चढवायचा, ही सोय कामगारांची असते. आणि केस कुणाला विचारून कापले?

आता पहाटेचं. माझ्या अंदाजात तथ्य असेल तर ‘भूकंप होऊन तीस वर्षं झाली, आत्याबाई’ हे सांगून काही होणार नाही. त्यांच्यासाठी तो आत्ता होतोय. त्यांना बाहेर येऊ द्या. ओसरीवर, अंगणात, गेटच्या आत. दहा-पंधरा मिनिटं. कुणीतरी शेजारी बसावं, हात धरावा. ‘सगळे बाहीर आलेत, माय. समदे हाईत’ असं त्यांच्या बोलीत सांगावं. अंगावर पांघरूण, हातात कोमट चहा. मग आत. पलंग दाराजवळ हलवा, तळमजल्यावर, दार त्यांना झोपल्या जागेवरून दिसेल असा. खोलीत बारका दिवा. अंधारात जाग आली की घाबरटपणा दुप्पट होतो. चारला उठतातच तर पावणेचारला मावशीनंच हळू उठवून लघवीला नेलं, तर कधी कधी सगळं वादळ टळतं; हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत अनुभवलंय. पुढच्या वर्षी गणपतीत सेंटरसमोर ढोल वाजणार असतील तर त्या दिवशी त्यांना तुमच्या घरी आणा.

त्याआधी डॉक्टरकडून दोन-चार गोष्टी बघून घ्या. वागणं अचानक, आठ-दहा दिवसांत बिघडलं असेल तर म्हातारपणी पहिला संशय लघवीतल्या जंतुसंसर्गाचा घ्यायचा. ताप येतोच असं नाही, नुसती बडबड वाढते. बद्धकोष्ठ, दुखरी दाढ, गुडघे, कानातला मळ. चष्मा आहे का नाकावर, की तोही कपाटात? आणि माळकरी, म्हणजे शाकाहारी, म्हणून बी-१२ आणि सोबत थायरॉईड तपासलंय का, ते जुन्या फायलीत बघा.

गोळीचं नाव लिहून आणा. रात्री दिलेल्या गोळीनं माणूस दुपारी बारापर्यंत ग्लानीत राहत असेल, तर एकतर गोळी चुकली किंवा मात्रा. वेड लागलेल्यांसाठीची काही औषधं स्मृतिभ्रंशात बडबड, मारामारी थांबवायला वापरतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ सालीच त्यावर कडक इशारा दिला की स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो. म्हणजे ती कधीच द्यायची नाहीत असं नव्हे. दुसरं काही चालेना आणि माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला लागला, तर थोड्या दिवसांसाठी, कमीत कमी मात्रेत देतात, आणि ती कधी बंद करायची ते आधीच ठरवतात. ‘ही कुणी लिहून दिली, कशासाठी, पुन्हा कधी तपासणार?’ हे तीन प्रश्न लेखी विचारा. मात्र तुमच्या मनानं एका दिवसात बंद करू नका, त्यानंही बिघडतं.

बांधलं नाही तर पडतील का? पडतीलही. हे मी लपवणार नाही. पण बांधलेली माणसं पडत नाहीत हा आमचा दवाखान्यातला गैरसमज होता. बांधलेला माणूस सुटायच्या झटापटीत जास्त वाईट पडतो, त्याच्या पाठीला जखमा होतात, महिन्याभरात पायातलं बळ जातं, मग तो खरोखरच पडतो. माझ्या आईबद्दल मला निवडायचं असतं तर चालता चालता पडण्याचा धोका मी पत्करला असता. तुम्हाला वेगळं वाटू शकतं. पण ते बसून ठरवा, सगळ्यांनी, आणि त्या बसण्यात आत्याबाईही असू द्या.

म्हणजे त्यांना विचारायचं? हो. ‘तुम्हाला कुठं राहायचंय?’ असं विचारलंत तर त्या ‘घरी’ म्हणतील आणि तुम्ही रडाल. ते घर नांदेडचं नसेल, पुनर्वसनातलंही नसेल. कदाचित जे ढिगाऱ्यात गेलं ते असेल, कदाचित माहेरचं. विचारायचं लहान, हातात धरता येईल असं. दोन लुगडी समोर धरा, कुठलं? माळ पुढं करा, मान पुढं करतात का बघा. ताटात अंडं आलं की तोंड फिरवतात ना? ते ‘नको’च आहे. तुम्ही शाळेत पहिलीच्या पोरांना असंच विचारता की.

आणि एक गोष्ट राहून जाईल म्हणून इथंच लिहिते. सेंटरमध्ये त्यांना काय म्हणून हाक मारतात? ‘आज्जी’? तिथं वीस आज्ज्या. आपल्याकडं लग्नात नाव बदलायची रीत. आठवणी मागं मागं सरकत जातात तेव्हा सासरचं नाव ऐकून माणूस वळतच नाही, माहेरच्या नावाला मात्र ओ देतो. आत्याबाईंचं माहेरचं नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर त्यांच्या भावाकडून घ्या. मग एक मोठा कागद करा, मोठ्या अक्षरात, पलंगाशेजारी लावा: नाव, गाव, माळकरी, अंडं नको, चहा गुळाचा, भजनाला टाळ हातात द्या, पहाटे घाबरतात कारण १९९३. रात्रीच्या मावशीला तो वाचून दाखवा. तिला वाचता येत नसेल, म्हणून म्हटलं.

त्या मावशीबद्दल दोन शब्द. तुमच्या पत्रात ती कुठंच नाही, मॅनेजरच आहे. बारा-पंधरा म्हातारी माणसं, रात्रीची एकटी बाई, हातात सात-आठ हजार पडत असतील तर पुष्कळ. आजाराबद्दल तिला कुणी एक तासही शिकवलेलं नसतं. बांधायची कल्पना तिची असेल, पण तिला दुसरा मार्ग कुणी ठेवलेला नसतो. तुम्ही आधी तिच्याजवळ बसा. मॅनेजरला झापण्यापेक्षा तिथून जास्त बदलेल असं मला वाटतं.

तरीही कायदा माहीत असलेला बरा, बोलताना पाठीला ताठपणा येतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ साली झाला. त्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांच्या गंभीर बिघाडाचा उल्लेख आहे, म्हणजे आत्याबाई त्यात येतात. तो म्हणतो, बांधायचं फक्त तेव्हाच जेव्हा लगेच होऊ घातलेली इजा टाळायला दुसरा उपायच नाही; तेही उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीनं, लागेल तेवढाच वेळ, कारणासह नोंद करून, आणि रुग्णाच्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवून. साखळदंड तर पूर्ण बंद. आणि हे वाक्य त्यात आहे, ते मॅनेजरला ऐकवा: माणसं कमी आहेत एवढ्याच कारणानं बांधता येत नाही. स्वतःचे कपडे घालायचा हक्क, खासगीपणाचा हक्क, सक्तीनं मुंडन न होण्याचा हक्क, हेही त्यातच. ‘आमचा वृद्धाश्रम आहे, आम्हाला तो कायदा लागत नाही’ असं ते म्हणतील. बाहेर पाटी कसली लावली यावर सगळं ठरत नाही. मानसिक आजाराची माणसं ठेवून घेऊन त्यांची शुश्रूषा करत असतील तर नोंदणी नि नियम दोन्ही आले. आणि कायदा कुठलाही लावा, कुणालाही विनाकारण कोंडून, अडकवून ठेवणं भारतीय न्याय संहितेतही गुन्हाच आहे.

‘तू सून, तुझा काय संबंध?’ या कायद्यात नातेवाईक म्हणजे रक्तानं, लग्नानं किंवा दत्तकानं जोडलेला. लग्नानं. शिवाय तीन वर्षं हगलं-मुतलं तुम्ही काढलंत, म्हणजे तेव्हा सांभाळ करणारी व्यक्तीही तुम्हीच होतात. दिरांना हे भांडून सांगू नका, सहज सांगा.

त्याच कायद्यातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एखाद्याचा उपचाराबद्दलचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, म्हणून त्याला निर्णयक्षमताच नाही असं धरता येत नाही. आधी त्याला समजेल अशा साध्या भाषेत, खुणांनी, चित्रांनी सांगून बघायचं. मी तर म्हणेन, क्षमता प्रत्येक बाबीपुरती वेगळी बघावी. लुगडं निवडता येतं, जमीन विकता येत नाही, हे एकाच बाईच्या बाबतीत एकाच दिवशी खरं असू शकतं. भारतानं २००७ साली दिव्यांगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला, त्याचाही रोख हाच: माणसाच्या जागी ठरवून टाकू नका, त्याला ठरवायला मदत करा.

त्यावरून अंगठ्याकडं येते. इथं मी कडक बोलणार. ज्या बाईला कागदात काय लिहिलंय ते समजत नाही, तिचा अंगठा घेऊन केलेलं बक्षीसपत्र किंवा हक्कसोड कोर्टात टिकायची नाही. १८७२ च्या करार कायद्यापासून हेच आहे की करार करताना माणसाला तो समजला पाहिजे. दुय्यम निबंधकापुढं ‘समजलं, कबूल आहे’ म्हणून मान हलवून घेता येते, ते मला माहीत आहे, आणि आपल्याकडं किती ठिकाणी घेतली जाते तेही. दिरांना एवढंच सांगा: आजाराची फाईल चार वर्षांची आहे, उद्या कुणीही हा कागद उपटू शकतो, तुमचीच पोरं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतील. धर्मापेक्षा हे लवकर पटतं. आत्याबाईंच्याच खर्चासाठी जमिनीचं काही करणं भाग असेल तर कोर्टाकडून रीतसर पालक नेमून घेण्याचा रस्ता आहे. लातूर-नांदेड दोन्हीकडं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, तुम्हालाही आणि आत्याबाईंनाही.

यजमानांची भीती, की ‘घेऊन जा’ म्हणतील, ती खोटी नाही. राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. आपल्या वाट्याला त्यातलं एकही नाही. देशात साठीपुढच्या अंदाजे ८८ लाख माणसांना हा आजार आहे असं २०२३ मध्ये मांडलं गेलं; त्यांना ठेवायला मराठवाड्यात जागा किती, ते तुम्ही शोधलंच असेल. सेंटरवाल्यांनाही हे माहीत असतं, त्यावरच तर तोरा असतो. म्हणून पहिल्या दिवशी तक्रारीची भाषा नको. एक साधं पत्र लिहा, तारीख घाला, पोच घ्या. माळ, कपडे, अंडं, बांधणं, गोळी. शेवटी ‘पहाटेसाठी आम्ही काय मदत करू?’ हा प्रश्न. मदत खरीच द्या. चार घरांनी मिळून रात्रीच्या दुसऱ्या मावशीचा पगार वाटून घेतला तर माणशी फार पडत नाही. पंधरा दिवसांत हललं नाही तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाईन १४५६७, आणि तुम्हालाच बोलावंसं वाटलं, झोप उडाली असेल, तर टेली-मानस १४४१६. दोन्हीकडं मराठीत बोलता येतं. आणि सोबतीनं दुसरी जागा शोधत राहा, गुपचूप.

त्यांना वृद्धाश्रमात ‘टाकलं’ म्हणून गावात काय बोलतात, ते तुम्ही लिहिलं नाही, पण ओळींमधून ऐकू येतं. त्यावर माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही. बोलणाऱ्यांपैकी एकीला एक रात्र त्यांच्याजवळ झोपायला बोलवा.

हे छापून येईल तेव्हा ३० सप्टेंबर तोंडावर आलेला असेल. शाळेतून एक रजा टाका. २९ ला संध्याकाळीच जा, माळ आणि त्यांचं एखादं जुनं लुगडं घेऊन, आणि रात्री त्यांच्या पलंगाशेजारी खाली अंथरूण घाला. साडेतीनचा गजर लावा. त्यांना जाग आली की काही समजावू नका, हात धरून अंगणात या. त्या काही बोलल्या, कुणाचं नाव घेतलं, तर लक्षात ठेवा आणि मला लिहा.